पळसाला पाने किती?

फळ्यावर विषय लिहिला आहे, ‘पळसाला पाने किती?’ तो वाचल्याबरोबर इथल्या निम्म्या लोकांनी मनातल्या मनात उत्तर देऊन टाकले असणार. तीन! कुठेही जा, पळसाला पाने तीनच. मराठी माणसाला हे शाळेत शिकवावे लागत नाही. बदली होऊन नव्या कचेरीत गेलो, तिथला साहेबही तसाच निघाला. घर बदलले, नव्या सोसायटीतही पाण्याची तीच बोंब. की आपण सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, पळसाला पानं तीनच. हिंदीत ‘ढाक के तीन पात’ म्हणतात. ढाक म्हणजे पळसच. पण तिथे अर्थ जरा वेगळा आहे, इतका खटाटोप करून स्थिती होती तशीच राहिली, असा. मराठीने त्याला ‘कुठेही जा’ जोडले आणि म्हणीमागे सगळा मुलूख उभा केला. तर्कशास्त्राच्या भाषेत ही व्याप्ती झाली. जिथे जिथे पळस, तिथे तिथे तीन पाने.

आता अडचण अशी, की वनस्पतिशास्त्राच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, ही तीन पाने नव्हेतच. हे एक पान आहे.

यावर पुष्कळ लोक हसतात. शब्दांचा खेळ आहे म्हणतात. तुम्ही पान म्हणा, आम्ही पर्णिका म्हणतो, झाडाला काय फरक पडतो? आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला, त्यामुळे ‘शब्दांचा खेळ’ हा शेरा आम्हाला नवा नाही. पण इथे तो लागू पडत नाही, असे आमचे म्हणणे आहे. मोजायला बसण्याआधी ‘एक’ कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, आणि ते ठरवायला पुरावा लागतो. पळसाने तो पुरावा फांदीवर ठेवलेला आहे. तो कसा वाचायचा एवढेच आज बघू.

धायरीत हे व्याख्यान ठेवले त्याचा एक फायदा असा, की सिंहगडाच्या बाजूला थोडे फिरले तर पळस अजून भेटतो. सकाळी आणलेल्या दोन-तीन डहाळ्या तुमच्यात फिरताहेत. कार्तिक आहे, झाडावर अजून पाने आहेत. एक नीट हातात घ्या. आधी लांब देठ आहे, दहा-पंधरा सेंटीमीटरचा. पुढे समोरासमोर दोन तुकडे, मग देठ आणखी थोडा पुढे जातो आणि टोकाला तिसरा तुकडा. तिसरा सगळ्यांत मोठा, शंकरपाळ्याचे कोपरे गोल केले तर जसा दिसेल तसा. बाजूचे दोन तिरपे, त्यांची एक बाजू अरुंद आणि एक रुंद. हाताला चामड्यासारखे चिवट लागते. उलटे करून बघा, खालून राखाडी, मऊ लव, आणि शिरांची जाळी उठून आलेली.

आता देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे, वरच्या बेचक्यात, नखाने चाचपा. बारीकसा उंचवटा लागेल. तो डोळा. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उसाच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो, कांडी लावली की तो फुटतो. कलम बांधणारा माळी डोळा भरतो तो हाच. नियम सरळ आहे. फांदीवर जिथे पान, त्याच्या बगलेत डोळा. त्या डोळ्यातून पुढे नवी फांदी येऊ शकते, फुलांचा घोस येऊ शकतो.

मग तेच नख त्या तीन तुकड्यांच्या बुडाशी फिरवा. तिथे काही नाही. एकाच्याही बगलेत डोळा नाही. तुम्ही वर्षभर वाट पाहिली तरी तिथून फांदी फुटणार नाही. म्हणजे झाडाच्या हिशेबात पान या पदवीला पात्र आहे ते देठासकट सगळे मिळून. तीन तुकडे हे त्याचे अवयव. त्यांना पर्णिका म्हणतात, आणि अशा पानाला संयुक्त पान.

ही परीक्षा घरी करून बघण्यासारखी आहे. कढीपत्त्याचेच घ्या. फोडणीत ‘आठ-दहा पाने कढीपत्ता’ घालायला सांगतात. आपण काडी ओरबाडतो आणि फोडणीत टाकतो. ती अख्खी काडी एक पान आहे, आणि आठ-दहा म्हणजे त्याच्या पर्णिका. शेवग्याचा पाला निवडताना तर पिसाला पीस फुटलेले, त्याला पुन्हा पीस. तरी तो सगळा पसारा एकाच पानाचा. गुलमोहराच्या एका पानात बारीक पर्णिका शेकड्यांनी मोजाव्या लागतील. पळस त्यामानाने मितभाषी. कढीपत्त्याच्या पिसातली एकच जोडी ठेवली आणि टोकाचे एक राखले, की पळसाचा नमुना तयार.

(मागून प्रश्न: मग तीन पाने फक्त पळसालाच का चिकटवली? बेलालाही तीनच असतात.)

बरोबर विचारलेत. बेल त्रिदल, तूर तीन, मूग, उडीद, घेवडा, वाल, सगळ्यांचे तीन. मेथीची जुडी निवडताना प्रत्येक देठावर तीन इवली पाने असतात, तीही याच घाटाची. पांगाराही तीन. म्हणीने पळस का निवडला याचे आमचे उत्तर साधे आहे. तुरीचे पान कोणी हातात धरून मोजत बसत नाही. पळसाचे पान आपल्या लोकांच्या हातात रोज येत होते. पत्रावळी, द्रोण. त्याकडे आपण येऊच.

हा प्रश्न जुना किती आहे बघा. अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस, ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातला. त्याने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि सुरुवातच केली ती झाडाचा अवयव कशाला म्हणावे या प्रश्नाने. प्राण्याचे हातपाय कायमचे असतात. झाडाची पाने, फुले तर दरवर्षी गळतात, मग त्यांना अवयव म्हणायचे का? पुढे एका झाडाविषयी तो लिहितो, की त्याची पाने पक्ष्याच्या पंखातल्या पिसांसारखी एका देठावर रांगेत असतात, आणि गळताना सुटी सुटी गळत नाहीत, तो सगळा पंखच एकदम खाली येतो. म्हणून ते सगळे मिळून जणू एकच पान. निरीक्षण किती बारीक! फक्त ही गळण्याची कसोटी सगळीकडे चालत नाही. काही झाडांच्या पर्णिका आधी सुट्या होऊन पडतात आणि देठ मागाहून पडतो. डोळ्याची कसोटी जास्त भरवशाची.

आपल्याकडे हाच वाद दुसऱ्या अंगाने झाला, आणि फार जोरात झाला. न्यायदर्शनात त्याला अवयवीचा प्रश्न म्हणतात. अवयव जोडले म्हणजे त्यांच्याहून वेगळी, एक अशी वस्तू तयार होते का? बौद्ध म्हणत, नाही. रथ म्हणजे चाके, आस, जू, दांडी, यांचा जमाव, त्याला सोयीसाठी दिलेले नाव. लांबून सैन्य एक दिसते, वन एक दिसते. जवळ गेले की शिपाई आणि झाडे. नैयायिक म्हणत, नाही, अवयवी खरा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत त्यासाठी एक युक्तिवाद आला आहे, तो असा, की वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते, एक भाग ओढला की सगळी ओढली जाते. वाळूच्या ढिगाला हे जमत नाही. आता तुमच्या हातातल्या पळसाच्या पानाचा देठ उचला. तिन्ही पर्णिका उचलल्या गेल्या. झाले सिद्ध?

इथे वात्स्यायन, म्हणजे न्यायसूत्रांचा भाष्यकार, कामसूत्राचा नव्हे, स्वतःच्याच बाजूचा युक्तिवाद उलटून बघतो. हे आम्हाला त्या परंपरेत फार आवडते. तो म्हणतो, गवताच्या काड्या, दगड, लाकडाचे तुकडे लाखेने एकमेकांना चिकटवले, तरी एक ओढला की सगळे येतील. म्हणून काय ती एक वस्तू झाली? धरले जाणे, ओढले जाणे हे चिकटपणाने होते. तेवढ्यावरून ‘एक’ सिद्ध होत नाही.

लाखेचा दृष्टांत त्याने घेतला, आणि लाख येते कुठून? पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर. एक बारीक किडा फांदीला सोंड लावून बसतो, रस पितो आणि अंगाभोवती राळेचे कवच करतो. हजारोंनी बसतात, कवचे एकमेकांना चिकटतात, आणि फांदीवर तपकिरी पुटे चढतात. तीच खरवडून लाख. पळस, बोर, कुसुम ही त्या किड्याची आवडती झाडे. झारखंडात हा मोठा व्यवसाय आहे, आपल्याकडे गोंदियाच्या भागातही लाख काढतात. आम्हाला वात्स्यायनाचा तो भाग वाचताना दर वेळी वाटते, की एकाच झाडावर दोन्ही उदाहरणे टांगलेली आहेत. लाख म्हणजे अनेक किड्यांच्या कवचांचा चिकटून झालेला जमाव. आणि पान?

पानाचा जन्म कसा होतो ते पाहिले, की फरक कळतो. फांदीच्या अगदी शेंड्याशी, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा जागी, एक बारीक उंचवटा येतो. एकच. तो वाढू लागल्यावर त्याच्या कडांना आणखी उंचवटे येतात, आणि त्यांच्या पर्णिका होतात. म्हणजे आधी तीन होती आणि मग कोणी चिकटवली, असे घडलेले नाही. आधी एक होते, त्याची तीन झाली. लाख बाहेरून येते, ही एकी आतून आलेली आहे. वात्स्यायनाच्या शंकेला वनस्पतिशास्त्राने दिलेले उत्तर आम्ही हे समजतो.

आणि हे ‘तीन’ तरी किती पक्के? याच कुळात लसूणघास येतो, आपल्याकडे गुरांना घालतात तो. त्याची एक रानटी बहीण भूमध्य समुद्राच्या काठी उगवते आणि प्रयोगशाळांत तिच्यावर पुष्कळ अभ्यास होतो. तिचेही पान त्रिदल. २००८ आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले, की तिच्यातले एक जनुक निकामी झाले तर पानाचे तुकडेच पडत नाहीत, साधे एकसंध पान येते. दुसरे एक जनुक निकामी झाले तर तीनाऐवजी पाच पर्णिका येतात. म्हणजे आत एक हात पान फोडायला सांगतो आहे आणि दुसरा हात म्हणतो आहे, पुरे, तीनवर थांब. तीन हा आकडा धरून ठेवलेला आहे. हात सुटला की एक तरी होते, नाही तर पाच. शास्त्रज्ञांकडे जायचे नसेल तर कुंडीत घेवड्याचा दाणा टाका. दलांनंतर येणारी पहिली दोन पाने साधी असतात, अखंड. तिसऱ्यापासून त्रिदल सुरू होते. आणि बेलाची चार-पाच दलांची पाने शोधून शंकराला वाहणारे लोक तर तुम्ही पाहिले असतीलच.

म्हणून त्या म्हणीविषयी आमची एक तक्रार आहे. म्हण वापरताना आपण ‘तीन’ हा आकडा दैवासारखा वापरतो. इथेही तेच, तिथेही तेच, काही करून उपयोग नाही. एखाद्या सभेत कोणी नवी सूचना मांडावी आणि मागच्या रांगेतून कोणी ‘पळसाला पानं तीनच’ म्हणावे, की चर्चा संपली. पळस मात्र ते तीन प्रत्येक पानात नव्याने घडवतो.

आता पत्रावळी. आमच्या पिढीने लग्नाच्या पंगती पळसाच्या पत्रावळीवर जेवल्या. उन्हात वाळवलेली पाने, बारीक काड्यांनी टाचलेली. ही पत्रावळ लावणाऱ्या बाईला आम्ही सांगायला गेलो, की बाई, हे एक पान आहे, तर ती काय म्हणेल? ती पर्णिका सुटी करते, देठ टाकून देते, एकाला एक जोडत गोल लावते. तिच्या कामाचा एकक पर्णिका आहे. तिने एका देठावर तीन पाने मोजली, आणि तिचे मोजणे तिच्या कामापुरते चोख आहे. म्हण तिच्यासारख्या हातांतून आली असावी, असे आम्हाला वाटते. आणि मराठीची गंमत अशी, की जेवायला बसलो की त्या संपूर्ण पत्रावळीलाच आपण ‘पान’ म्हणतो. पाने मांडली, पाने वाढली, पहिल्या पंगतीला शंभर पाने उठली. म्हणजे पानाच्या तुकड्याला पान, पानाला पान आणि पंधरा-वीस तुकडे टाचून केलेल्या ताटालाही पान! शेवटचे पान मात्र वात्स्यायनाच्या लाखेतले. काड्या काढल्या की संपले.

मग काय, ज्याचे त्याचे मोजणे खरे? एवढ्यावर सोडून दिले तर सोपे आहे, हल्ली बरेच जण सोडतातही. आमचे तसे म्हणणे नाही. पत्रावळ लावणारी विचारते, मला टाचायला किती तुकडे मिळतील? उत्तर तीन. वनस्पतिशास्त्र विचारते, झाडाने किती पाने काढली? उत्तर एक, आणि इथे आपल्या मर्जीला जागा नाही. डोळा एकच आहे. प्रश्न निवडणे आपल्या हातात असते, उत्तर नसते.

फुलाकडे वळू. मोजण्याची अशीच अडचण फुलातही आहे. माघ-फाल्गुनात पाने गळून गेलेल्या फांद्यांवर काळपट मखमली कळ्यांचे घोस येतात, आणि त्यांतून चार-पाच सेंटीमीटरची केशरी फुले बाहेर पडतात. पाकळ्या मोजा म्हटले तर बहुतेक लोक चार सांगतात. आहेत पाच. एक मोठी, मागे उभी, तिला ध्वज म्हणतात. बाजूला दोन पंख. आणि खाली दोन पाकळ्या कडेने जुळून झालेली एक वाकडी चोच. वाटाण्याचे, हरभऱ्याचे फूल याच घाटाचे, कारण कूळ एकच. पळसात ती चोच इतकी ठळक, की संस्कृतात नावच पडले किंशुक. हा पोपट तर नव्हे? अशी त्याची व्युत्पत्ती पूर्वापार सांगतात. पुंकेसर दहा. त्यांतले नऊ खाली जुळलेले आणि एक सुटा. तो सुटा का? नऊंची नळी पूर्ण बंद झाली असती तर तळाशी साठलेल्या मधाला वाट राहिली नसती. सुट्या केसराच्या दोन्ही बाजूंना फट राहते, तिथून पाहुण्याची चोच मधापर्यंत जाते.

या किंशुकावर एक जुने सुभाषित आहे. रूप आहे, तारुण्य आहे, मोठे कूळ आहे, पण विद्या नाही, असा माणूस वास नसलेल्या पळसाच्या फुलासारखा, असे त्याचे तात्पर्य. आम्ही विद्येच्या बाजूचेच, पण पळसावर अन्याय झाला आहे. फुलाला वास असतो तो कुणाला बोलावण्यासाठी असतो. पळसाचे पाहुणे पक्षी. पक्षी फुले शोधतात ती डोळ्यांनी, वासाने नव्हे. त्यांच्यासाठी भडक केशरी रंग, आड येणारे एकही पान नाही, आणि भरपूर पातळ मध. तिथे सुगंध करणे म्हणजे बहिऱ्यासमोर सनई. मैना, बुलबुल, कोतवाल, सगळे झुंबड करतात. २००३ साली दिल्ली विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बारकाईने पाहिले तेव्हा असे आढळले, की येणाऱ्या पक्ष्यांत परागण नीट करणारा एकच आहे, जांभळा शिंजीर, आपला छोटा सूर्यपक्षी. त्याच्या जोडीला खार. बाकीचे बहुतेक पंगतीला येऊन जेवून जाणारे.

फळातही मोजणी आहे, आणि शास्त्रीय नाव तिच्यावरूनच पडले. चपटी, हलकी, वितीएवढी शेंग, आणि तिच्या टोकाला एकच बी. तीच वैद्यांची पळसपापडी. ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’, त्यातला मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. आपण पानावरून तीन म्हटले, लॅटिनने बीवरून एक म्हटले. १७८५ साली लामार्कने या झाडाला हे एकबीजी विशेषण दिले, पण त्याने ते घातले पांगाऱ्याच्या गणात. १८९४ साली टाउबर्टने ते विशेषण ब्युटिया या गणनामाला जोडले. पांगारा आणि पळस यांत आजही आपल्याकडे घोटाळा होतो, आणि लामार्कसारखा माणूस सोबतीला आहे म्हणून ओशाळायचे कारण नाही. खुणा सांगतो. पांगाऱ्याच्या अंगावर काटे असतात, पळसाला नसतात. पांगाऱ्याचे फूल लालभडक आणि त्याचे केसर बाहेर लोंबतात, पळसाचे केशरी आणि केसर चोचीत लपलेले. पांगाऱ्याची शेंग मण्यांच्या माळेसारखी, आत अनेक बिया.

ब्युटिया हे नाव बुटच्या अर्लवरून. हा जॉन स्टुअर्ट वनस्पतींचा शौकीन होता, आणि १७६२-६३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्याच्या पाचच वर्षे आधी, १७५७ साली, कंपनीने बंगालात लढाई जिंकली ती पलाशीला. इंग्रजी पुस्तकांतली प्लासी. गावाला नाव पळसांवरून पडलेले. म्हणजे गावाच्या नावात पळस, आणि पळसाच्या नावात पंतप्रधान.

पिवळ्या फुलांचा पळस क्वचित दिसतो, तो याच जातीचा एक प्रकार. पांढऱ्याभोवती गुप्तधनाच्या वगैरे कथा आहेत, आणि त्यापायी झाडे ओरबाडली जातात, साल सोलली जाते. तुमच्या पाहण्यात असा पळस आला तर जागा चारचौघांत सांगू नका.

आता शेवटचा भाग, आणि धायरीकरांसाठी तो जास्त कामाचा. महाराष्ट्रात पळसावरून पडलेली गावे किती आहेत बघा. कर्जतजवळ पळसदरी, इंदापूर तालुक्यात पळसदेव, जिथले पळसनाथाचे जुने देऊळ उजनीच्या पाण्यात गेले आणि पाणी ओसरले की वर दिसते. पळशी, पळसगाव, पळसखेड तर जिल्ह्याजिल्ह्यांत. गावाला नाव देण्याइतके झाड दाट होते. ते वाकडेतिकडे वाढते, फार उंच होत नाही, बारा-पंधरा मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. काळ्या जमिनीत तगते, मुरमाड उतारावर तगते. वणव्यात वरचा भाग जळाला तरी मुळांपासून फुटवे येतात. एवढे चिवट झाड टेकडीच्या उतारावरून जाते कशाने? घरांसाठी जमीन सपाट होते, हे एक कारण तुम्हाला दिसतेच. २०१७ साली धायरी महापालिकेत आली, त्याच्या आधीपासून इमारती टेकडीच्या अंगाला टेकल्या होत्या. पण दुसरे कारण फार साधे आहे. पौष-माघात पळस पुरता उघडा पडतो. वाकडे खोड, राखाडी साल, एक पान नाही. नव्याने राहायला आलेला माणूस बघतो आणि म्हणतो, वाळलंय, पडेल कुणाच्या अंगावर, काढून टाका. त्याचा हेतू वाईट नसतो. फुलायला पंधरा दिवस उरलेले असतात आणि कुऱ्हाड पडते. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, पण ‘मेलेले झाड’ म्हटले की विचारणारेही ढिले पडतात.

(प्रश्न: मग मेलेलं की झोपलेलं, ओळखायचं कसं?)

तुमच्या हातात डहाळी आहे तिच्यावरच दाखवतो. खालच्या बाजूची एखादी जुनी पानगळ शोधा. पान पडले तिथे फांदीवर एक वण राहतो, बोटाच्या नखाएवढा. तीन नव्हेत बरे का, एकाच पानाचा एकच वण. त्या वणाच्या डोक्यावर डोळा असतो. माघात अशा उघड्या झाडाखाली गेलात तर हाताला येणारी बारीक फांदी वाकवा, मोडू नका. जिवंत फांदी लवते, मेलेली कडकन तुटते. वण शोधा, त्यावरचा डोळा नखाने किंचित दाबा. भरलेला, टणक लागला तर ठीक. कोरडा, पोकळ, दाबताच भुगा झाला तर आणखी दोन-तीन फांद्या बघा, एकीवरून निकाल देऊ नका. शंका राहिलीच तर सालीवर नखाने बारीक ओरखडा काढा. खाली हिरवे, ओले दिसले की झाड जिवंत आहे. सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला, तर फाल्गुन संपेपर्यंत थांबायला सांगा. तोवर त्याच डोळ्यांतून कळ्यांचे काळे घोस बाहेर आलेले असतील.

डहाळ्या परत टेबलावर ठेवा, पुढच्या बाकावरच्या मुलांनी अजून पाहिलेल्या नाहीत.